कोपऱ्यावरच्या गाडीबद्दल

२० एप्रिल, रविवार

आजपासून चौकातला वार्ताफलक मी लिहायचा असं ठरलं. उद्धवरावांनी खडूचा डबा माझ्या हातात दिला आणि ओला फडका स्वतः पिळून फळ्याच्या कडेला वाळत घातला. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे केलं. पिंपरीच्या औषध कारखान्यात होते तेव्हाही पहाटे आधी फलक आणि मग कामावर. आता हात थरथरतो.

चिंचवड गावठाणातल्या आमच्या चौकात पिंपळाच्या पाराशेजारी, पत्र्याच्या छपराखाली हा काळा फळा उभा आहे. देवळाकडे निघालेले, दूध आणणारे, कंपनीच्या बसची वाट बघणारे, सगळे जाता जाता वाचतात. बातमी आणि तिच्यावर चार ओळींचं मत. मत जुन्या वळणाचं. देश आधी, घर शाबूत, देवधर्म नेटका, आणि जग म्हणतं म्हणून आपली घडी विस्कटायची नाही. मला हे मनापासून पटतं. नुसतं वळण म्हणून नाही, विचार करून पटलेलं आहे. म्हणून हो म्हणालो.

उद्धवरावांनी अटी सांगितल्या. दोन वर्तमानपत्रांत आल्याशिवाय बातमी लिहायची नाही. गल्लीतल्या माणसाबद्दल वाईट लिहायचं नाही, त्याच्याशी समोर जाऊन बोलायचं. आणि चूक झाली तर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, आपल्या नावानिशी दुरुस्ती. चूक जितके दिवस राहिली तितके दिवस ती ठेवायची आणि सकाळी शेजारी उभं राहायचं, कुणाला विचारायचं असेल तर. मग हसले. एकदा त्यांनी पलीकडच्या आळीतल्या एका गृहस्थांच्या निधनाची बातमी लिहिली होती. गेला होता त्याच नावाचा दुसराच. ते गृहस्थ आठवडाभर सकाळी पारावर चहा पीत बसले, सगळ्यांना दिसावं म्हणून, आणि शेजारी उद्धवराव उभे.

मीही हसलो. घरी येऊन निशिगंधाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्हाला उभं राहायची वेळ यायची नाही, तुम्ही कुलूप तीनदा ओढून बघणारे.

२३ एप्रिल, बुधवार

खडू धरून उभा राहिलो आणि काही सुचेना. पहलगामला धर्म विचारून माणसं मारली. गेलेल्यांत आपल्या पुण्याची माणसंही आहेत. मत लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की ज्यांच्या घरचा माणूस सहलीहून परत आला नाही, त्यांच्या दारात आज आपण सगळे उभे आहोत. उद्धवराव काठी टेकत आले, वाचलं, मान हलवली.

ती मान हललेली दिवसभर आठवत राहिली आणि बरं वाटत राहिलं. आजच्या दिवशी आपल्याला बरं वाटावं याची लाज वाटली.

७ मे, बुधवार

पहाटे टीव्ही लावला आणि अंगावर काटा आला. आपल्या सैन्याने सीमेपलीकडचे अड्डे उडवले. छापील वर्तमानपत्रांत अजून काही नव्हतं, तरी सरकारी निवेदन होतं, ते धरून लिहिलं. अशा दिवशी दोन वर्तमानपत्रांची वाट कोण बघतो?

फलकाच्या कोपऱ्यावर कस्तुरा फळांची हातगाडी लावते. जालन्याकडची. नवरा बाजारात हमाली करतो. तिला अक्षर जुळवून वाचता येतं, पण सकाळी माल मांडायची घाई असते, म्हणून मी खडू ठेवला की ती रोज तिकडूनच विचारते, "दादा, आज काय लिवलं?" मी वाचून दाखवतो. आज वाचलं तेव्हा तिने केळ्यांची आख्खी फणी उचलली आणि बसथांब्यावरच्या माणसांना एकेक वाटून टाकलं. मला द्यायला आली तर माझे हात खडूचे. तिने सोलून दिलं.

११ मे, रविवार

काल संध्याकाळी युद्धविराम. चौकात लोक चिडलेले. मी स्वतः दोन मनांचा आहे. युद्ध ही मौज नाही, थांबलं तर आयांची पोरं वाचली, हेही खरं. पण आपल्या युद्धविरामाची बातमी आपल्याला आधी अमेरिकेच्या अध्यक्षांकडून कळावी, हे काही बरं वाटलं नाही. तेच लिहिलं: घरातला निर्णय शेजाऱ्याने गच्चीवरून ओरडून सांगू नये.

सुजितने त्याचा फोटो काढला. सुजित म्हणजे आमच्या मंडळाचा उत्साही कार्यकर्ता, तिशीतला, कुणाच्या घरी काही झालं की पहिला हजर. संध्याकाळपर्यंत तो फोटो माझ्या कंपनीतल्या माणसांच्या स्टेटसवर होता. चाकणला मी आवक मालाची तपासणी बघतो, तिथे वीस वर्षांत कुणी माझं नाव घेऊन कौतुक केलं नव्हतं. कुणी काय काय म्हटलं ते चार वेळा वाचलं. मग फोन उलटा ठेवला. मग परत वाचलं.

१४ मे, बुधवार

तुर्कस्तान उघड पाकिस्तानच्या बाजूने उभा राहिला. पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तिथली सफरचंदं मागवायची नाहीत असं ठरवलं. हे मला फार आवडलं. कुणी हुकूम केला नाही, सरकारकडे हात पसरला नाही, स्वतःचा धंदा बुडवून घेऊन म्हणाले, नको. स्वाभिमान म्हणतात तो हा. लिहिलं तसंच, पूर्ण फळा भरून.

सुजित म्हणाला, "दादा, पुण्याचं झालं. आपल्या चौकाचं काय?" मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, उद्या सांगतो.

१५ मे, गुरुवार

सुजितने सकाळी मला हलकेच बाजूला घेतलं आणि म्हणाला, "गाडीखाली बघा." कस्तुराच्या गाडीखाली पुठ्ठ्याचं खोकं होतं. त्यावर लाल सफरचंदाचं चित्र आणि इंग्रजीत तुर्कस्तानचं नाव, अगदी स्पष्ट. वर गाडीवर सफरचंदांची रास.

खरं सांगायचं तर आधी वाईट वाटलं. केळी वाटणारी ही, आणि खाली हे. तिला विचारावं असं मनात आलं. पण सात मिनिटांत बस, आणि सुजित म्हणाला की नाव लिहू नका, तुमचा नियम मला माहीत आहे. नुसता कोपरा लिहा. मला ते पटलं. नाव नाही म्हणजे माणूस नाही. लिहिलं:

'पुण्याचे व्यापारी तोटा सोसतात आणि आपल्याच चौकात, या कोपऱ्यावरच्या गाडीवर, तुर्कस्तानचा माल विकला जातो. सुज्ञांनी काय ते ठरवावं.'

खडू ठेवला तशी ती नेहमीसारखी म्हणाली, "दादा, आज काय लिवलं?"

मी म्हणालो, काही नाही, बाहेरच्या देशाचं आहे. तेवढ्यात बस आलीच होती.

१६ मे, शुक्रवार

फोटो फार फिरला. सुप्रिया म्हणून आमच्या लेखा विभागात आहे, ती म्हणाली, सर, तुम्ही लिहिता ते? मी मान हलवली, उद्धवरावांसारखी.

संध्याकाळी बसमधून उतरलो तर कोपऱ्यावर गर्दी पांगत होती. रस्त्यावर वाळलं गवत उडालेलं आणि चिकू चिरडलेले, चपलांना चिकटत होते. तुर्की सफरचंद एकही दिसलं नाही. लोकांनी उचलून नेली असावीत. सुजित म्हणाला, पोरांनी काही केलं नाही, नुसतं समजावून सांगितलं, तीच घाईने गाडी काढायला गेली आणि खोकं पडलं. कुणी अंगाला हात लावला नाही हे मी दोनदा विचारून घेतलं.

पोरांनी सरळ बोलायला हवं होतं. चिकू विनाकारण वाया गेले.

१७ मे, शनिवार

कोपरा रिकामा. मजकूर तसाच ठेवला, खाली फक्त तारीख बदलली.

उद्धवराव आले, काठीवर दोन्ही हात ठेवून बराच वेळ वाचत राहिले. मी मान हलायची वाट बघत होतो. ते वळून गेले. गुडघे दुखत असतील.

१९ मे, सोमवार

कोपऱ्यावर वडापावची नवी कोरी स्टीलची गाडी आली. सुजितच्या मेव्हण्याची. त्याची नोकरी गेली होती म्हणे, तर निदान एका आपल्या माणसाची सोय झाली. गाडीवर आमच्या चौकाचं नाव छान रंगवून घेतलं आहे. मला पहिला वडापाव फुकट दिला. मी पैसे देऊ लागलो तर सुजित रागावला.

घरी सांगितलं तर निशिगंधा भांडी लावता लावता थांबली. म्हणाली, "अशी गाडी करून घ्यायला महिना लागतो. माझ्या भावाने घेतली होती." मी म्हणालो, हो, कारागीर मिळत नाहीत हल्ली. ती पुन्हा भांडी लावू लागली.

उद्धवराव आलेच नाहीत. शनिवारपासून नाहीत.

२१ मे, बुधवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी स्वरूपाने, आमच्या विभागातली नवी तपासनीस, एक आख्खा लॉट बाजूला काढला. खोक्यांवर त्या सप्लायरचं नाव होतं ज्याचा माल आम्ही बंद केला आहे. मी नेहमीच्या आवाजात सुरू झालो. अगं, चाकणमध्ये एक खोकं पाच कंपन्या फिरतं, पुठ्ठा कोण टाकून देतो, खोकं वाचू नका, उघडून माल बघा. हे वाक्य मी वीस वर्षं म्हणतो. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतो. आज ते अर्ध्यावर थांबलं. स्वरूपा म्हणाली, "सर?" मी म्हणालो, उघड ते खोकं. माल बरोबर होता, आमच्याच नेहमीच्या सप्लायरचा.

रस्त्यावरचं गवत डोळ्यांसमोर आलं. बाहेरून आलेल्या सफरचंदाच्या खोक्यात गवत नसतं.

घरी येऊन निशिगंधाला विचारलं की कस्तुराच्या गाडीखालच्या खोक्यात काय असायचं. ती म्हणाली, "चिकू. कच्चे आणते, गवतात घालून पिकवते. खोकी बाजारातून उचलून आणते, रिकामी पडलेली असतात ढिगाने. आपल्याकडे गणपतीचं मखर ठेवलंय ते खोकं पण तिनेच दिलंय. ते कुठलं आहे बघितलंत?"

माळ्यावरून काढून बघितलं. वॉशिंग्टनची सफरचंदं.

मी विचारलं, मग गाडीवरची? ती म्हणाली, काश्मीरची, कोल्ड स्टोरेजमधली. गेल्या आठवड्यात आणली होती मी, तुम्ही खाल्लीत. आणि मग, आवाज न चढवता, "तुम्ही मला काही सांगितलंच नाहीत. मला फोटो बिल्डिंगच्या ग्रुपवर दिसला. मला वाटलं, तुम्ही लिहिलंय म्हणजे बघून लिहिलं असणार."

काश्मीरची सफरचंदं. ज्या काश्मीरसाठी मी महिनाभर फळा भरतो आहे.

२२ मे, गुरुवार

सकाळी तो मजकूर पुसला आणि त्या जागी हवामानाचा अंदाज लिहिला. लिहून झाल्यावर कळलं की आपण काय केलं. इतके दिवस उभी राहिलेली गोष्ट मी पावसाच्या बातमीखाली पुरली.

संध्याकाळी उद्धवरावांकडे गेलो. तब्येत बरी होती. त्यांनी चहा सांगितला आणि अमेरिकेच्या आयातशुल्काबद्दल बोलू लागले. जो देश आपल्या कारखान्यांचं बळ विकतो तो पुढे भाषणंच करत राहतो, वगैरे. मी मधेच सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तिच्याकडून चिकू घेतो मी."

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "मी वाट बघत होतो."

मी माझी अडचण मांडली. ती मला तेव्हा खरी वाटत होती. तुर्कस्तानबद्दलचा आपला मुद्दा चूक नाही. आत्ताच आपण मागे सरकलो तर टपून बसलेले म्हणतील, बघा, यांचं सगळंच असं, राष्ट्र राष्ट्र म्हणतात आणि गरिबाला मारतात. उगाच त्यांच्या हाती कोलीत कशाला द्यायचं?

उद्धवरावांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "गणराज, आपण राखणारी माणसं. नवं काही करायला निघालेलो नाही आपण, जे आहे ते राखायला बसलोय. मग खोटंही राखायचं का, ते ठरवा. आणि बहिष्कार म्हणजे आपल्या ताटातलं काढून ठेवणं. व्यापाऱ्यांनी ते केलं. तुम्ही दुसरीच्या ताटातलं काढलंत."

निघताना जिन्यात लक्षात आलं की त्यांना एक गोष्ट मी सांगितली नव्हती. कस्तुराने 'काय लिवलं' म्हणून विचारलं होतं ती.

२४ मे, शनिवार

दुरुस्ती लिहिली नाही. काल कंपनीत ऑडिट होतं. आज डोकं दुखत होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

२५ मे, रविवार

सुजितला सांगितलं की उद्या दुरुस्ती लिहिणार. तो हसला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "दादा, तुम्ही लई सरळ माणूस. पण गाडी आता लागली तिथं. उगाच लोकांच्या मनात किंतू कशाला? बाई गेली ती गेली, तिला मोशीत जास्त गिऱ्हाईक मिळतंय म्हणे." मग म्हणाला की फलक मंडळाचा आहे, आणि मंडळाने कुणाला द्यायचा ते मंडळ ठरवतं.

मला त्याचं दुःख समजतं. त्याने देशासाठी म्हणून मला ते खोकं दाखवलं आणि चूक माझी ठरली, बघून न घेण्याची. त्याला यात ओढणार नाही. दुरुस्तीत फक्त माझं नाव.

फलक जाईल याची भीती वाटते हे इथे तरी लिहून ठेवतो. मला तो हवा आहे. सकाळची ती दहा मिनिटं, लोक थांबून वाचतात ती, मला हवी आहेत. म्हणून तीन दिवस डोकं दुखलं.

२६ मे, सोमवार

लिहिलं. पूर्ण फळा, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. या कोपऱ्यावर फळं विकणाऱ्या कस्तुराबाईंबद्दल, त्यांचं पूर्ण नाव आडनावासकट घालून, की त्या तुर्कस्तानचा माल विकत नव्हत्या. खोकं रिकामं उचलून आणलेलं होतं, आत चिकू होते. लिहिणाऱ्याने उघडून बघितलं नाही, विचारलं नाही. त्यामुळे त्यांचं नुकसान झालं आणि त्यांची जागा गेली. खाली माझं नाव. शेजारी उभा राहिलो. बस सोडली, रजा टाकली.

लोक वाचत होते आणि माझ्याकडे न बघता जात होते. एक आजोबा म्हणाले, अक्षर सुंदर आहे. देवळातून येणाऱ्या एका बाईने मला विचारलं, मग आता ती कुठे बसते? मोशीत म्हणे, एवढंच मला सांगता आलं.

२७ मे, मंगळवार

पहाटे गेलो तर फलक दिसेना. वरपासून खालपर्यंत फ्लेक्स बांधलेला, कुणा भावी नगरसेवकाचा वाढदिवस, खाली शुभेच्छुकांत सुजितचा फोटो. सुतळी कात्रीने कापायला मन होईना, दुसऱ्याची वस्तू. गाठी सोडवत बसलो. फ्लेक्स नीट घडी करून पारावर ठेवला. खालचा मजकूर थोडा पुसला गेला होता, तो पुन्हा गिरवला.

वडापाववाला मेव्हणा बघत होता. म्हणाला, आमच्या पोटावर का उठलाय काका? त्याच्या वाक्यात खोटं काही नव्हतं.

मग काठीचा आवाज आला. उद्धवराव माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मी म्हणालो, तुम्ही कशाला, चूक माझी आहे. ते म्हणाले, "डबा मी दिला होता." आम्ही दोघं उभे होतो. त्यांचे गुडघे खरंच दुखतात, हे मला आज कळलं.

२८ मे, बुधवार

निशिगंधाने कस्तुराला फोन लावून माझ्याकडे दिला. नंबर तिच्याकडे आधीपासून होता. मी विचारलाच नव्हता.

मी माफी मागायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, ते माझं नाव तेवढं पुसा."

मला कळेना. मी म्हणालो, नाव चांगल्यासाठी घातलंय, तुमची चूक नव्हती हे सगळ्यांना कळावं म्हणून.

"चांगल्यासाठी का वाईटासाठी, बाईचं नाव चौकात नको. माझ्या सासरचे लोक चिखलीत राहतेत. कुणीतरी फोटू पाठवला त्यांना. ते इचारतेत, तू काय केलंस म्हणून नाव लिवलं? आधी नाव नव्हतं तर कुणाला ठावं नव्हतं. आता समद्यांना ठावं हाय."

मी म्हणालो, नियमाप्रमाणे... आणि थांबलो. तिला कुठला नियम सांगणार होतो मी? गल्लीतल्या माणसाबद्दल समोर जाऊन बोलायचं, हा नियम तर पहिल्याच दिवशी सांगितला होता. मी फलकाशी बोललो, दोन्ही वेळा. एकदा तिच्या विरुद्ध आणि एकदा स्वतःचं मन मोकळं करायला. तिच्याशी कधीच बोललो नाही.

फोन ठेवायच्या आधी ती म्हणाली, "मी तर रोज तुम्हालाच इचारत व्हते दादा, काय लिवलं म्हणून."

लगेच चपला घालून चौकात गेलो आणि पुसलं. त्या जागी लिहिलं: 'या फलकावर पंधरा मे रोजी कोपऱ्यावरच्या गाडीबद्दल लिहिलेलं खोटं होतं. न बघता लिहिलं. विचारलं तेव्हा खोटं सांगितलं.' खाली माझं नाव. शेवटचं वाक्य कुणालाच कळणार नाही. ज्या दोघांना कळायचं त्यांना कळतं.

१ जून, रविवार

दुरुस्तीचे दिवस आज पूर्ण झाले. मंडळाची बैठक झाली, मला बोलावलं नव्हतं. सुजित घरी येऊन सांगून गेला की फलकाच्या जागी मोठी डिजिटल स्क्रीन बसवायचं चाललंय, बातम्या, जाहिराती, वाढदिवस सगळं येईल. तोवर फळा राहू दे, पण मी जरा विश्रांती घ्यावी. चहा घेऊन गेला. अजूनही मला दादाच म्हणतो. मनात काही ठेवत नाही तो.

खडूचा डबा उद्धवरावांकडे परत नेला. त्यांनी घेतला नाही. म्हणाले, राहू दे तुमच्याकडे, खडूला मुदत नसते.

८ जून, रविवार

परवा वटपौर्णिमा. निशिगंधाला पूजेची फळं हवी होती. ती म्हणाली, मोशीला जाऊन आणू, आणि स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली.

नव्या इमारतींच्या रांगेसमोर, बसथांब्याच्या पुढे, कस्तुराची गाडी उभी होती. कोपरा नव्हता, नुसता उघडा रस्ता. ट्रक गेला की फळांवर धूळ. सणाची गर्दी होती, बायका आंबे निवडत होत्या. तिने मला बघितलं आणि निशिगंधाशी बोलू लागली, वहिनी, वाणाला पायरी घ्या, गोड हाय. मी मागे उभा राहिलो. उभं राहायची आता सवय झाली आहे.

गाडीखाली चार-पाच खोकी होती. सगळ्यांवर काळा रंग फासलेला. नाव, गाव, देश, सफरचंदाचं चित्रसुद्धा, काही म्हणता काही वाचता येत नव्हतं. निशिगंधाने विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, "आता कुणाला वाचायची भानगड नको." कुणालाही टोचून म्हणाली नाही. माल मोजता मोजता म्हणाली.

गर्दी जरा कमी झाली तेव्हा मी पुढे झालो. फोनवर बोललो ते पुन्हा म्हणालो, समोर उभा राहून, चार वाक्यांत. तिने मान डोलावली. मग चिकू आहेत का विचारलं, एक किलो.

तिने खाली वाकून एक काळं खोकं ओढलं. "उघडून दाखवते," ती म्हणाली.

मी म्हणालो, नको, नको. तुम्ही म्हणता ते बरोबरच असणार.

तिने तरी झाकण उघडलं, गवत दोन्ही हातांनी बाजूला केलं, आणि मी वाकून आत बघेपर्यंत तसंच धरून ठेवलं.